मेश्रामसाहेबांचे मॉक ड्रिल

आमच्या शेजारचे मेश्रामसाहेब दोघांत फिरायला जात नाहीत. सकाळी मी फाटकाशी पोहोचतो तेव्हा ते बूट घालून तयार असतात. परंतु आमचे तिसरे सोबती तिवारीजी आलेले नसले तर जागचे हलत नाहीत. "तिघं पाह्यजे," एवढेच म्हणतात. तिवारीजींना ताप आला होता तेव्हा त्यांनी रस्त्याने जाणाऱ्या एका दूधवाल्याला सायकल हातात धरून आमच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालायला लावले. दूधवाल्याने वाटेत आपल्या म्हशीच्या आजारपणाविषयी बरेच सांगितले आणि मेश्रामसाहेबांनी ते प्रवचनासारखे ऐकले.

तीन माणसे बरोबर चालत असली तर त्यांत आपला एक गुरू असतोच, असे कन्फ्यूशियस या प्राचीन चिनी आचार्यांचे सांगणे आहे, आणि मेश्रामसाहेब हे त्या आचार्यांचे नेहरू नगरातील एकमेव अनुयायी आहेत.

"पण दोघांत काय अडचण आहे?" मी एकदा विचारले.

"दोघांत तुम्ही नाही निघाले गुरू, तं मंग मलेच व्हा लागते. थे बरं नाही जी."

तिवारीजी रेल्वेतून निवृत्त झालेले, कोणत्याही तत्त्वज्ञानापासून पूर्णपणे मुक्त असलेले गृहस्थ. "मेश्रामजी, हमसे क्या सीखोगे? हम तो अभी सोकर उठे हैं," असे ते प्रामाणिकपणे सांगतात. तरीही त्यांच्यातला गुण मेश्रामसाहेबांनी शोधून काढला: तिवारीजी समोसा खाताना फक्त समोसा खातात, त्या वेळी त्यांच्या मनात दुसरे काहीही नसते. माझ्यापासून काय शिकण्यासारखे आहे, हेही मी धीर करून विचारले होते. "पाहून राहिलो," ते म्हणाले, "सापडन." या उत्तराला आता बराच काळ लोटला आहे.

मेश्रामसाहेब पोलाद कारखान्यात सुरक्षा विभागात होते. कोणाचे हेल्मेट तिरपे आहे, कोणाचा पट्टा सैल आहे, कोण क्रेनखालून चालला आहे, हे पाहणे आणि जागच्या जागी सुनावणे, हा त्यांचा जन्मभराचा उद्योग. त्यामुळे माणसांचे जीव वाचले. साहजिकच, ही सवय घरी आणू नये, असे त्यांना कोणी सांगितले नाही. निवृत्तीनंतर सुपेल्याच्या रविवार बाजारात, जुन्या कुकरच्या झाकणांशेजारी, त्यांना चिनी आचार्यांच्या उपदेशाचे एक हिंदी पुस्तक मिळाले. त्याची मागची अर्धी पाने फाटलेली होती. "अर्धं त्यानं सांगितलं, अर्धं आपण करा," असा त्यांनी त्याचा अर्थ लावला.

त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना, हे मान्य नव्हते. "घरात बुद्ध आहेत, बाबासाहेब आहेत. आता हा चिनी कावून आणला जी?"

"थे दोघं मोठ्या गोष्टी सांगतात. हा चटई सरळ करायले सांगते. मले चटईपासूनच सुरू करा लागन."

चटईचे हे बोलणे अक्षरशः घ्यायचे होते. वाकड्या चटईवर सज्जन बसत नाही, असे पुस्तकात होते. तिवारीजींकडच्या सत्यनारायणाला मेश्रामसाहेबांनी दारातूनच पाहिले की सतरंजी भिंतीला तिरपी आहे. कथेचा चौथा अध्याय चालू होता. त्यांनी अत्यंत नम्रपणे, हात जोडून, एकेका ओळीला उठवले. गुरुजी पोथीत बोट ठेवून थांबले. सतरंजी सरळ झाल्यावर असे लक्षात आले की आता चौरंग तिरपा दिसतो आहे. तिवारीजींच्या पत्नीने "भगवान को तो बैठे रहने दीजिए, भाई साहब" असे म्हटले, तेव्हा कुठे ते थांबले.

आचार्यांनी रोज स्वतःची तपासणी करायला सांगितली आहे. मेश्रामसाहेबांनी ती कारखान्याच्या पद्धतीवर बसवली. तेथे एखादा अपघात होता होता टळला तर त्याला 'निअर मिस' म्हणतात, आणि तो वरिष्ठांना सांगावाच लागतो. मेश्रामसाहेबांना आता वरिष्ठ उरले नसल्यामुळे ते संध्याकाळी कुंपणाच्या भिंतीवरून मला सांगतात.

"आज एक निअर मिस झाला, भाऊ. वासनिकाच्या पोट्टीले नोकरी लागली. मले जवळजवळ वाईट वाटलं होतं."

"मग?"

"वेळेवर ब्रेक लागला. पेढा खाल्ला. दुसरा मागितला, थो मात्र खऱ्या आनंदानं."

मी स्वभावाने पश्चात्तापी मनुष्य आहे. दुर्गच्या महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवतो, आणि घरी येईपर्यंत आपण कोणाला काय लागेलसे बोललो याची उजळणी करत असतो. मीही भिंतीच्या अलीकडून माझी खंत सांगू लागलो. मेश्रामसाहेबांनी बरेच दिवस ऐकून घेतले आणि मग म्हणाले, "तुम्ही सायरन चांगला वाजवता, भाऊ. पण सायरन वाजून राहिला म्हणून आग नाही विझत."

मला याचे वाईट वाटले. नंतर वाईट वाटल्याचेही वाईट वाटले, कारण तो त्यांच्याच म्हणण्याचा पुरावा होता.

मी हे सारे एका हौशी म्हाताऱ्याचे वेड समजत होतो. एके दुपारी गच्चीवर मिरच्या वाळत घालताना वहिनींनी मला पलीकडून हाक मारली.

"भाऊजी, प्रशांत येऊन राहिला पुढच्या हप्त्यात."

प्रशांत हा त्यांचा एकुलता मुलगा, हैदराबादला असतो. मागच्या खेपेला तो आला तेव्हा मेश्रामसाहेबांनी त्याची गाडी पुन्हा लावायला लावली, चार्जर भिंतीतून उपटून दाखवला आणि तो पाणी उभ्याने पितो हेही सांगितले. दुसऱ्या दिवशी प्रशांत म्हणाला होता, "बाबा, मैं घर आया हूं, या इन्स्पेक्शन में?" आणि बॅग भरून निघून गेला. त्यानंतर तो आता येत होता.

"त्याच्यानंतरच हे पुस्तक घरात आलं," वहिनी मिरच्या पसरवत म्हणाल्या. "अन् ह्या बारीला बी थो तसाच गेला, तं मंग नाही येत थो, भाऊजी. माह्या पोट्ट्याले मी ओळखतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मेश्रामसाहेबांनी आम्हां दोघांपुढे प्रस्ताव मांडला. आम्ही वाटेत मुद्दाम चुका कराव्यात. ते बोलणार नाहीत. कारखान्यात आगीच्या आधी जसे आगीचे नाटक करून पाहतात, तसे हे मॉक ड्रिल.

तिवारीजींनी ही जबाबदारी फार मनापासून घेतली. ते रस्त्याच्या मधोमध चालू लागले. मेश्रामसाहेब गप्प. तिवारीजींनी बुटाची नाडी सोडून लोंबती ठेवली. मेश्रामसाहेबांच्या मानेची शीर फुगली, पण गप्प. मग तिवारीजींनी केळे खाऊन साल वळणावर टाकले आणि शांतपणे पुढे निघाले. मेश्रामसाहेब चार घरे पुढे गेले, थांबले, डोळे मिटले.

"तिवारीजी," ते खोल आवाजात म्हणाले, "छिलका उठाइए."

"फेल," तिवारीजी आनंदाने म्हणाले.

मेश्रामसाहेबांनी परत जाऊन साल स्वतः उचलले. "पोट्टा केळं खात नाही," एवढेच म्हणाले, आणि मला प्रथमच ते घाबरलेले दिसले.

प्रशांत आला. भिंतीवरून होणारी निअर मिसची बातमी बंद झाली, म्हणून त्या घरात काय चालले आहे याचा मला अंदाज येत नव्हता. तो निघण्याच्या दिवशी, संध्याकाळच्या रेल्वेगाडीआधी, वहिनींनी मला चहाला बोलावले. बैठकीतली ट्यूब फडफडत होती. वहिनी तिच्याविषयी सहज काही बोलल्या आणि प्रशांत उठला. त्याने प्लास्टिकची खुर्ची ओढली, तिच्यावर पोळपाट ठेवला आणि न्हाऊन आलेल्या ओल्या पायांनी त्याच्यावर चढला.

मी मेश्रामसाहेबांकडे पाहिले. आयुष्यभर त्यांनी जे जे करू नका म्हणून सांगितले होते, ते सारे एका खुर्चीवर उभे होते. त्यांचे ओठ उघडले. मग ते उठले, भिंतीवरचे बटण बंद केले, गुडघे धरत खाली बसले आणि खुर्चीचे पाय दोन्ही हातांनी धरले.

वरून प्रशांतने खाली पाहिले. "बाबा, कुछ बोलना है?"

"नाही."

"मी चुकीचं करून राहिलो ना?"

"तू कर. मी धरून आहो."

प्रशांत पुन्हा वर वळला. मग त्याने ट्यूब फिरवून बसवली आणि उतरताना आधारासाठी वडिलांच्या टकलावर हात ठेवला. मी बटण दाबले. उजेड स्थिर झाला.

"टॅक्सी किती वाजता सांगितली?" वहिनींनी कप उचलत, कोणाकडेही न पाहता विचारले.

"सैपाकघरातली बी फडफडून राहिली, आई," प्रशांत हात पुसत म्हणाला. "उद्या पाहतो ती."

तो आत गेला. वहिनी त्याच्यामागे गेल्या. मेश्रामसाहेब खाली बसून खुर्ची घट्ट धरूनच होते. खुर्चीवर कोणी नव्हते.