बापूकाकांचा खोकणारा पोपट

गाय शिंकली की आमचे बापूकाका गवळ्याची जीभ बघतात. थट्टा नाही करत मी. पंचवटीत आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात राहतात ते. सकाळी गवळी दारात गाय आणून दूध काढतो, तर हे ओट्यावरून आधी गाईचं नाक न्याहाळतात आणि मग गवळ्याला म्हणतात, "आ कर." तो बिचारा चरवी हातात धरून आ करतो.

देवळाली कॅम्पात घोड्यांच्या दवाखान्यात, गोऱ्या साहेबाच्या हाताखाली पंचवीस वर्षं कंपाउंडरकी केलीय त्यांनी. तिथं म्हणे एका आजारी घोड्याचं दुखणं लागून त्याची निगा राखणारा मोतद्दार पंधरा दिवसांत गेला. तेव्हापासून काकांच्या डोक्यात एकच. "जनावराचं माणसाला, माणसाचं जनावराला. लागण कुणाची भीड धरत नाही, सूनबाई!" हे दिवसातून दहादा ऐकायचं. टांग्याचा घोडा खाकरला की हे उतरून चालू लागणार, आणि जाता जाता टांगेवाल्यालाच सुंठ घ्यायला सांगणार. रामकुंडावर एका बैराग्याच्या माकडानं यांच्या हातातलं केळं पळवलं, तर हे बैराग्याची नाडी धरून बसले. बरं, स्वतःलाही सोडत नाहीत. पडसं झालं की नाकाला उपरणं बांधून गल्लीतल्या मांजरांना हाकलतात, "जवळ येऊ नका गं बायांनो, लागेल माझं!"

आणि अशा माणसाच्या घरात खोकणारा पोपट!

आम्ही सिन्नरहून या घरात नव्यानं राहायला आलो तेव्हा माझी कुसुम दोन वर्षांची होती. दोन बिऱ्हाडांच्या मध्ये एकच कुडाची भिंत. पहिल्याच दिवशी पलीकडून खोकला ऐकू आला. कोरडा, खोल, शेवटी धाप लागलेला. म्हटलं, कुणीतरी आजारी आहे वाटतं यांच्याकडे. वाटीभर काढा घेऊन गेले, तर पिंजऱ्यात पोपट! खोकून झाल्यावर मान वाकडी करून तो चक्क बापूकाकांच्या आवाजात ओरडला, "ठेवलंय, घे!" लांबून हाक मारावी तसा. आणि काका जेवत्या पानावरून उठून, उष्ट्या हातानं पिंजऱ्याकडे धावले, "आलो, आलो!" मी घरी येऊन पोट धरधरून हसले.

पुढे महिन्याभरात कुसुमला खोकला झाला आणि माझं हसू पळालं. समोरच्या गंगूबाई हळूच म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं नाही का गं? बापूची बायको क्षयानं गेली. तो पोपट तिच्या उशाशी असायचा. तिचंच लागलंय त्याला."

माझं डोकंच फिरलं. तशीच पदर खोचून काकांच्या घरात घुसले.

"काय हो बापूकाका, साऱ्या पंचवटीच्या जिभा तपासता आणि क्षयाचा पोपट माझ्या भिंतीला टांगून ठेवता? आज तो जाईल, नाहीतर आम्ही जाऊ!"

"पोपटाला काही झालेलं नाही."

"मग खोकतो कशाला?"

काका पिंजऱ्यावर उपरणं टाकायला लागले. मी सरळ पिंजऱ्याच्या दाराला हात घातला. तशी त्यांनी दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं.

"नको गं, सूनबाई. तो नाही खोकत. ती खोकतेय."

मला कळेना. काका खाली बसले.

"यमू मागच्या पडवीत होती. सात महिने. आणि मी मोठा शहाणा, लागण कशी होते ते मला ठाऊक! एकदाही उंबरा ओलांडला नाही. ती खोकली की पाण्याचं फुलपात्र उंबऱ्यावर ठेवायचो आणि मागे सरून ओरडायचो."

"ठेवलंय, घे," मी म्हटलं. माझ्याच तोंडून ते ऐकवेना.

"ती उठून, भिंत धरत धरत यायची घ्यायला. हा बघायचा सगळं. तिच्या हातून डाळ खायचा हा, तिच्या ओठातला दाणा उचलायचा. तीन वर्षं झाली, रोज तपासतो याला. पिसं बघतो, डोळे बघतो. काही नाही झालं याला." मग पिंजऱ्याकडे बघत म्हणाले, "मलाच काय झालं असतं गं?"

झालंही असतं. पण तसं मला म्हणवलं नाही.

"आणि ते 'आलो, आलो'?"

"तेवढं एकच शिकवतोय त्याला. ती खोकली की 'आलो' म्हणावं, बाकीचं विसरावं. पण बेटा शिकत नाही."

मला रडू आवरेना. ज्या पोपटाला हाकलायला गेले होते, त्यालाच ओली डाळ देऊन घरी आले. कुसुमचा खोकला आठ दिवसांत गेला. कच्च्या चिंचांचा होता तो. गंगूबाईंच्याच झाडाच्या.

काल दुपारी मी भांडी घासत होते. भिंतीपलीकडे खोकला सुरू झाला, धाप लागली, थांबला. "ठेवलंय, घे!" पोपट ओरडला. मागोमाग माठावरचं झाकण वाजलं, फुलपात्र भरल्याचा आवाज आला, आणि काकांची पावलं.

"आलो गं, आलो."