फ्रीझरची खंडेनवमी

ज्या देशात यंत्राचा मान राखला जातो, त्या देशाची प्रगती कोणी रोखू शकत नाही. भोसरीत हा मान खंडेनवमीला राखतात. मशीन बंद करायचं, पुसायचं, हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालायची आणि दसरा उलटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. (कामगारांसाठी अशी तरतूद विचाराधीन आहे.)

जयसिंगरावांच्या शेडमध्ये पूर्वी बारा लेथ होते. आता चार लेथ आहेत आणि पार्टिशनपलीकडे पेशी-संशोधनाची प्रयोगशाळा. दापोडीची मिनल तिथे पेशींना एक कृत्रिम पेप्टाइड देते. पेप्टाइडचं काम एवढंच, की पेशीला ‘वाढ’ असा निरोप पोचवायचा. (लेथच्या बाजूला हेच काम जयसिंगराव स्वतः ओरडून करतात.) महिनाअखेर पेशी वाढल्या तर मिनल नोकरीत कायम, नाहीतर घरी. घर तिच्याच पगारावर चालतं.

विरघळवलेलं पेप्टाइड फ्रीझरमध्ये उणे वीस अंशांवर ठेवावं लागतं. त्याचं रजिस्टर आहे. दोन वर्षांत १,४६० नोंदी झाल्या आणि १,४६० वेळा तापमान उणे वीस भरलं. अक्षर सुंदर आहे. आठवड्याच्या नोंदी सोमवारीच पूर्ण होत असल्याने खाडाखोड नाही. (थर्मामीटर एप्रिलपासून बंद आहे, पण त्याचा नोंदींवर परिणाम होऊ दिलेला नाही.)

दसऱ्यानंतर मिनलने पेशींना पेप्टाइड दिलं. चार दिवस गेले. पेशी वाढायच्या सोडून मेल्या. शोधता शोधता ती भिमाजींपाशी पोचली. त्यांची तीस वर्षं लेथवर गेलेली.

"काका, फ्रीझर कुणी बंद केला होता?"

"म्याच की. पूजेच्या दिशी मशीन राबवत्यात व्हय? दोन दिस निवांत पडू दिलं बिचाऱ्याला."

"आणि बर्फ?"

"समदा पुसून घेतला, ताई. काळजी नगं."

मिनलला तिथेच रडू आलं. नवी बाटली परदेशातून यायला सहा आठवडे लागतात आणि महिना संपायला नऊ दिवस होते.

तातडीने द्विसदस्यीय चौकशी समिती नेमण्यात आली. (एक जयसिंगराव. दुसरे त्यांचे मेहुणे शेखर, कारण ते आलेलेच होते.) समितीने रजिस्टर तपासलं. खंडेनवमी, उणे वीस. दसरा, उणे वीस.

"सर, पेशी मेल्यात," मिनल म्हणाली.

"ते तुम्ही नुसतं बघितलंय, मॅडम. हे लिहिलेलं आहे," जयसिंगराव म्हणाले.

पेशींनी आपलं म्हणणं लेखी दिलेलं नव्हतं, सबब ते फेटाळण्यात आलं. उरले दोनच संशयित, रजिस्टर आणि मिनल. रजिस्टरचं रेकॉर्ड स्वच्छ होतं. पण जयसिंगराव मनाने मोठे. त्यांनी मार्ग काढला. मिनलने रजिस्टरवर ‘पडताळले’ म्हणून सही करावी. म्हणजे तापमान बरोबर, म्हणजे पेप्टाइड उत्तम, आणि पेप्टाइड उत्तम म्हटल्यावर पेशी वाढणारच. वाढणारच आहेत तर अहवालात तसं लिहायला काय हरकत आहे?

मिनलने सही केली. पेशी एकशे बारा टक्के वाढल्या आणि मिनल कायम झाली.

तुम्ही म्हणाल, तिने सही करायला नको होती. अगदी बरोबर आहे तुमचं. फक्त एवढं सांगा, मागच्या वेळी पीयूसी काढलंत, तेव्हा गाडी कुठे होती?