एरंडोलला पुसलेले टिळे

हेमांगीने पहिल्या पिल्लाच्या कपाळाला कुंकू लावलं, दुसऱ्याच्या हळद आणि तिसऱ्याच्या काजळ. तिसरं फिस्कारून ओट्याखाली पळालं, तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण सायरबाई जिना चढून दारात आल्या.

"हे काय गं बेटा? मांजरांचं लग्न लावते का?"

"खूण करतेय काकी. तिघांचं रक्त तपासायचं, तर कोणतं कोण ते कळायला नको?"

एरवी ते कळायला काही मार्ग नव्हता. पिल्लं रावेरहून केळीच्या क्रेटमधून आली होती. हेमांगीच्या नवऱ्याच्या, भूषणच्या मामांनी घरच्या केळ्यांचा क्रेट पाठवला. वरच्या दोन फण्या काढल्या तर खाली वर्तमानपत्रात गुंडाळी करून तीन पांढरेशुभ्र जीव झोपलेले. मामांनी तिकडची केळी भरायची शेड पालथी घातली, पण आई काही सापडली नाही. तिघांत नखाएवढा फरक नव्हता. हेमांगीच्या चार वर्षांच्या मुलीने, मयुरीने तर तिघांचं नाव सोनू ठेवून तो प्रश्नच मिटवला होता. "हा सोनू, हा पण सोनू, आणि हा सोनू," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट दाखवून सांगायची.

त्यातला एक सोनू सायरबाईंना हवा होता. वर्षापूर्वी त्यांचे यजमान भिकमचंदशेठ गेले, तेव्हापासून घरात सायरबाई आणि शेठजींचा बारा वर्षांचा बोका, एवढीच माणसं. बोक्याचं नाव मुनीम. तो दिवसभर शेठजींच्या गादीवर बसून असायचा आणि आलेल्याकडे, दुकान बंद झाल्यावर कसे काय आलात, अशा नजरेने बघायचा. "त्याला सोबत पाहिजे," सायरबाई म्हणायच्या, आणि थोडं थांबून, "मला पण."

घरात म्हातारा बोका आहे म्हटल्यावर जळगावच्या डॉक्टरांनी मात्र मान हलवली. मांजरांमध्ये ल्युकेमियाचा एक विषाणू असतो. पिल्लांना तो आईकडून येतो आणि मग चाटण्यातून, एका वाटीत खाण्यातून दुसऱ्या मांजराला लागतो. वरून काही दिसत नाही. आधी तपासा, मगच द्या. त्यांच्याकडचं किट संपलं होतं, म्हणून त्यांनी धुळ्याच्या डॉक्टर प्रेमराजांचा पत्ता दिला.

"माझ्या मुनीमला काही होऊ नये बघ," सायरबाईंनी पिल्लांच्या टोपलीवरचं फडकं नीट केलं. "शेठजींची तेवढीच वस्तू राहिलीय. श्वास घेणारी."

धुळ्याला डॉक्टर प्रेमराजांनी टोपलीतले तीन टिळे बघितले आणि चष्मा वर केला. "वऱ्हाड जळगावहून आलेलं दिसतंय." मग तिघांचं थेंब थेंब रक्त घेतलं, पांढऱ्या पट्ट्यांवर टाकलं आणि सगळे दहा मिनिटं त्या पट्ट्यांकडे बघत बसले. मयुरी मधूनच विचारायची, "सोनू पास झाला का?"

दोन सोनू पास झाले. कुंकवाच्या पट्टीवर मात्र दुसरी रेघ उमटली.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "माणसांना याचा काही त्रास नाही, मुलीलाही नाही. आणि पिल्लांच्या बाबतीत एका तपासणीवर शिक्का मारायचा नसतो. महिन्याने तिघांना परत आणा. तोवर कुंकूवाला वेगळा. वेगळी वाटी, वेगळी जागा, त्याला शिवल्यावर साबणाने हात. आणि हे रंग घरी गेल्या गेल्या पुसा, पोटात जायला नकोत. टिकतील ना घरापर्यंत?"

"टिकतील की!" हेमांगी म्हणाली. दोन पिढ्यांची कुंकवं तिने घामात टिकलेली पाहिली होती.

डॉक्टरांनी कुंकूवाल्यासाठी पुठ्ठ्याचं खोकं दिलं. बस धुळ्याच्या बाहेर पडली तसा खोक्यातून आवाज सुरू झाला. साधं म्याव नव्हतं ते; आईला हाक मारावी तसा लांबलचक आवाज. त्याचं ऐकून टोपलीतले दोघं ओरडू लागले, आणि तिघांचं ऐकून मयुरी. शेजारी नऊवारीतल्या एक आजी बसल्या होत्या, ताईबाई म्हणून. त्यांनी पारोळ्यापर्यंत धीर धरला.

"एकज मायना पोरे शेतस ना त्या? मंग त्यासले येगळं कसाले करस वं बाई?"

"एकाच आईची आहेत खरी, पण वेगळं ठेवायला डॉक्टरांनी सांगितलंय आजी."

"डाक्टरले पोरेसोरे शेतस का नही?"

मयुरीने ओल्या डोळ्यांनी आईकडे बघितलं. हेमांगीला आठवलं, ही चार दिवसांची असताना काचेच्या पेटीत ठेवली होती, तेव्हा आपल्यालाही असंच कुणी समजावत होतं. तिने खोकं उघडलं आणि कुंकूवाल्याला टोपलीत सोडलं. दहा मिनिटं, फक्त गप्प होईपर्यंत. गप्प तो लगेच झाला. टोपली गप्प झाली, मयुरी गप्प झाली, ताईबाईंनी समाधानाने डोळे मिटले, आणि पहाटेपासून उठलेल्या हेमांगीनेही.

एरंडोलला बसने ब्रेक मारला तेव्हा ती जागी झाली. फडकं उचललं. तिन्ही पिल्लं एकमेकांना मन लावून चाटत होती. कुंकू, हळद, काजळ, सगळ्याचा मिळून एक भगवट-करडा डाग झाला होता आणि तो तिघांच्याही कपाळावर सारखाच होता. विषाणू कसा पसरतो, हे डॉक्टरांनी इतकं नीट समजावलं नव्हतं.

घरी पोचताच भूषणने दारातच विचारलं, "कोणतं आजारी आहे?"

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. पण सकाळी निघताना भूषण म्हणाला होता, "टिळे कसले लावते, गळ्यात रंगीत पट्टे बांध," आणि त्यावर तिने, "तुम्ही तुमची बँक बघा," असं उत्तर दिलं होतं. टोपलीतल्या एकाला शिंक आली.

"हा," हेमांगी म्हणाली.

शिंकणाऱ्याची रवानगी बाथरूममध्ये झाली. अर्ध्या तासाने तिच्या लक्षात आलं, की खरा आजारी उरलेल्या दोघांत असला तर तो या क्षणीही दुसऱ्याला चाटत असेल. तिने धावत जाऊन एकाला गॅलरीत ठेवलं आणि एकाला स्वयंपाकघरात, धान्याच्या कोठ्यांमागे. तीन वाट्या आल्या. आणि न बोलता तीन रंगीत पट्टेही आले.

"दोघं तर चांगले आहेत ना?" भूषण म्हणाला.

"निरीक्षणाखाली आहेत," हेमांगीने सांगितलं. हा शब्द तिच्या तोंडात याआधी कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून भूषण टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला सायरबाईंकडे जाऊ लागला. मयुरी झोपायच्या आधी बाथरूमच्या दाराला तळवा लावून म्हणायची, "सोनू, मी झोपते हं." मग गॅलरीच्या दाराला, मग कोठ्यांना. सर्वांत जास्त वेळ ती बाथरूमशी थांबायची, कारण तो आजारी होता. हेमांगी तिकडे पाठ करून कणीक मळत राहायची.

चौथ्या दिवशी सायरबाई वर आल्या. "महिन्याने नेईन गं, पण माझा कोणता ते बघू तरी दे." त्यांनी गॅलरीत बघितलं, कोठ्यांमागे बघितलं. "हे दोघं चांगले, मग वेगळे का?"

भूषण तिथेच पेपर वाचत होता. त्यानेही मान वर केली. "हो, हे मीही विचारणारच होतो."

हेमांगीला सुटायला वाट हवी होती, आणि जी पहिली दिसली तिच्यातून ती पळाली. "काकी, मला वाटतं, आधी मुनीमलाच तपासायला हवं. तो बाहेर फिरतो, कुठे कुठे तोंड घालतो. आपल्या पिल्लाला त्याच्याकडूनच लागलं तर? म्हणून आत्तापासून प्रत्येकाला वेगळं राहायची सवय."

सायरबाईंचा चेहरा एकदम उतरला. त्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली गेल्या.

त्यानंतर त्या वर आल्या नाहीत. जिन्यात भेटल्या तर नजर खाली. मुनीमचं बाहेर फिरणं बंद झालं. तो खिडकीच्या गजांमागे बसू लागला. एकदा चुकून निसटला, तर त्या दिवशीचं बोलणं गॅलरीतून ऐकलेल्या समोरच्या सुगंधाबाई झाडू घेऊन धावल्या. "हाट! रक्ताचा रोग शे म्हने त्याले! वरच्या हेमांगीनेच सांगितलं!" मुनीम पळाला नाही. त्या वयात पळणं त्याला शोभलं नसतं. तो सावकाश वळला, गॅलरीतल्या हेमांगीकडे एकदा बघितलं आणि घरात गेला. हेमांगीच्या हातातली दुधाची वाटी गार होईपर्यंत तिथेच राहिली.

सांगून टाकायचं, असं ठरवून ती जिना उतरायची. सगळी वाक्यं पाठ असायची. दार उघडायचं, सायरबाई खाली बघत विचारायच्या, "काय पाहिजे?" आणि हेमांगीच्या तोंडून निघायचं, "वाटीभर साखर." महिनाअखेर घरात साखरेचे दोन डबे भरले. भूषणने विचारलं, "कुणाचं बारसं आहे का?"

महिना झाला. सायरबाईंची गाडी काढून भूषण सगळ्यांना धुळ्याला घेऊन गेला. मागे हेमांगी, सायरबाई आणि चार खोकी. चौथ्यात मुनीम. वाटेत दोघी हवेवरसुद्धा बोलल्या नाहीत.

पुन्हा पट्ट्या, पुन्हा दहा मिनिटं. डॉक्टर म्हणाले, "बाथरूमवाला साफ. कोठ्यांवाला साफ. गॅलरीवाला पॉझिटिव्ह."

"असं कसं?" भूषण म्हणाला. "आजारी तर बाथरूममधला होता ना? महिनाभर मी लोकांकडे आंघोळ केली!"

आता पळायला वाटच उरली नव्हती. "मला माहीतच नव्हतं," हेमांगी फरशीकडे बघत म्हणाली. "टोपलीत मीच एकत्र ठेवले. एरंडोलला टिळे पुसले गेले. तो शिंकला म्हणून मी त्याला म्हटलं."

मयुरीने आईकडे बघितलं. "म्हणजे तो उगाच बाथरूममध्ये होता?"

भूषण काही बोलणार होता, पण डॉक्टरच आधी बोलले. "पण कळत नव्हतं म्हणून तिघांना वेगळं ठेवलंत ना? नेमकं तेच करायचं असतं. म्हणून तर दोघं वाचले." मग त्यांनी चौथी पट्टी उचलली. तिच्यावरही दोन रेघा होत्या. "आणि बोक्याचंही तुम्ही ओळखलंत?"

"हिनेच सांगितलं होतं, मुनीमला तपासा म्हणून," भूषणचा आवाज एकदम बदलला. त्यात अभिमान होता.

हेमांगीला वाटलं, टेबलाखाली एखादं रिकामं खोकं असतं तर बरं झालं असतं.

डॉक्टर सायरबाईंकडे वळले. मुनीम ठणठणीत दिसतो, असे बोके बरीच वर्षं काढतात. बाहेर सोडू नका, वेळच्या वेळी दाखवा. निरोगी पिल्लू मात्र त्याच्याजवळ नको. गॅलरीवाल्याचं थोडं रक्त मोठ्या प्रयोगशाळेत पाठवतो; तिथेही हेच निघालं, तर तो मुनीमजवळ राहू शकतो. दोघांचं दुखणं एकच.

"आणि नाही निघालं तर?" सायरबाईंनी विचारलं.

"तर त्याच्यासाठी दुसरं घर शोधू. पण मला नाही वाटत तसं."

सायरबाईंनी खोक्यात हात घालून गॅलरीवाल्याचं डोकं एका बोटाने कुरवाळलं. डोळ्यांना पदर लावला.

परतताना मयुरी पुढच्या सीटवर झोपली. मागे हेमांगीने खूप वेळ खिडकीबाहेरची कपाशी बघितली. मग हळूच म्हणाली, "काकी, मुनीमचं मला काही कळलं नव्हतं. मी स्वतःची चूक झाकायला त्याचं नाव घेतलं. आज खरं निघालं, तो योगायोग. मी तर खोटंच बोलले होते."

सायरबाई चमकल्या. "तुला माहीत नव्हतं?"

"शपथेवर सांगते."

"अरे देवा." त्या सीटवर जराशा मागे टेकल्या. आवाज अगदी बारीक केला. "तीन वर्षांमागे शेठजी त्याला सुरतला दाखवून आले. म्हणाले, याच्या रक्तात दोष आहे, दुसरं मांजर घरात आणू नको. मला वाटलं, बहाणा. बेटा, चाळीस वर्षं मी त्यांचे बहाणे ऐकले. पोपट म्हटला तर त्यांना सर्दी, गाय म्हटली तर गल्ली अरुंद. ते गेल्यावर म्हटलं, आता कोण अडवतो? आणि तू त्या दिवशी म्हणाली, मुनीमला तपासा. म्हटलं, या पोरीला सगळं कळलं. लहान पिल्लाच्या जिवाशी खेळत होती ही म्हातारी. महिनाभर तुझ्याकडे बघायची हिंमत नव्हती."

"मला वाटलं, तुम्ही रागावलात."

"कुठल्या तोंडाने रागावू? तू साखर मागायला यायची, मला वाटायचं आता बोलशील, आता बोलशील. मी घाबरून वाटी शिगोशीग भरायची."

दोघींना एकदम हसू आलं आणि दोघींनी ते एकदमच आवरलं. पुढून भूषणने आरशात बघितलं.

"काय चाललंय मागे? डॉक्टर मला बाजूला घेऊन काय म्हणाले माहितीये? म्हणाले, इतक्या जागरूक बायका मी धुळे जिल्ह्यात पाहिल्या नाहीत."

हेमांगीने तोंड उघडलं. सायरबाईंनी तिचा गुडघा घट्ट दाबला.

"डॉक्टर माणूस," त्या मोठ्याने म्हणाल्या, "उगाच थोडंच बोलणार?"

आणि दोघी आपापल्या खिडकीतून बाहेर बघू लागल्या.