भिकोबाच्या टोमॅटोची तीट

रानातल्या बिननावाच्या फुलालाही जो वेळेवर दव पाजतो, त्या जगत्पालकाला आधी हात जोडू या. बाळांनो, आता नीट मांडी घालून बसा.

एका जंगलात माती मागासलेली ठरली होती. तिथले प्राणी पाण्यावर शेती करीत. पन्हळींतून पाणी वाहे, त्यात खते विरघळवलेली असत आणि रोपे मुळे सोडून उभी असत. पाय न मळता पीक येई.

मात्र एक जुनी रीत टिकून होती. हंगामाचे पहिले फळ जत्रेच्या दिवशी वनदेवीला वाहायचे. त्यावर तिळाएवढाही डाग नको. ते वाहिल्याशिवाय नवे फळ कोणी तोंडात घालायचे नाही. हा मान भिकोबा अस्वलाच्या घराण्याचा.

त्या वर्षी भिकोबाने टोमॅटो लावले. नजर लागू नये म्हणून मांडवाला चहूबाजूंनी जाड पडदे बांधले. वाऱ्यालाही मज्जाव झाला. शिवाय देवीच्या कामात हात आखडता नको, म्हणून जो तो येऊन भक्तिभावाने पाण्यात मूठभर पालाश खत टाकी.

"फळ गोड होतं हो त्यानं," हत्ती गजाभाऊ म्हणे. त्याची मूठ म्हणजे सोंडभर!

फळे लालबुंद झाली. भिकोबाने एक उलटे करून पाहिले. बुडाशी काळा, खोलगट डाग. दुसरे पाहिले, तेही तसेच.

"अगं, जत्रा परवावर आली. मान गेला म्हणून समज," तो बायकोला म्हणाला.

"पडदे काढा म्हणतेय कधीची! माझाच जीव गुदमरतो आत," चिमाबाई म्हणाली. "पण माझं ऐकाल तर अस्वल कसले!"

भिकोबाने बकाजी बगळ्याला बोलावले. बकाजी जन्मभर पाण्यात एका पायावर उभा होता. तेव्हा पाण्याविषयीचा त्याचा अधिकार कोण नाकारणार? त्याने चोच बुडवली.

"कॅल्शियम कमी आहे. आणखी घाला."

घातले. डाग वाढले.

बाळांनो, कॅल्शियम पाण्यात होतेच, भरपूर होते. परंतु एकच पाहुणा सहकुटुंब दारात दाटीने उभा राहिला, तर दुसऱ्याला उंबरा ओलांडता येत नाही. पालाशाने मुळांचे दार तसे अडवले होते. जे थोडे आत शिरले, तेही वर चढेना. वाऱ्याने पानांतले पाणी उडाले, तरच मुळे नवे पाणी वर ओढतात, आणि कॅल्शियम त्या पाण्याच्याच खांद्यावर बसून जाते. तिथे वाराच नव्हता. पण भक्तीच्या गडबडीत हे पाहायला सवड कोणाला?

जत्रेच्या आदल्या दिवशी बकाजीने डोळे मिटले. पाय बदलला. मग म्हणाला, "अजाण जीवांनो, हा डाग नव्हे. ही तीट आहे! नजर लागू नये म्हणून फळांनी आपणहून लावून घेतलेली. स्वयंभू तीट!"

जंगल गहिवरले. यापुढे नैवेद्याला तीट असलेलेच फळ चालेल, असे एकमताने ठरले.

सर्वांचे समाधान झाले, भिकोबाचे होईना. सडके फळ देवीपुढे ठेवायचे कोणत्या तोंडाने? जत्रेच्या सकाळी तो मांडवात हताश फिरत होता. कोपऱ्यातल्या वेगळ्या मडक्यात एक रोप सगळेच विसरले होते. तिथे कोणाची मूठ पोचली नव्हती, आणि उंदरांनी पडदा कुरतडल्याने वारा खेळत होता. त्यावर एक फळ होते. देठापासून बुडापर्यंत निर्मळ!

भिकोबा ते ओंजळीत घेऊन देवळाकडे धावला. चिमाबाई मागोमाग.

दारातच बकाजीने अडवले. "तीट कुठाय?"

"नाही. निर्मळ आहे, महाराज!"

"बिनतिटीचं फळ? नजर लागायची देवीला!"

"मागे घे, मागे घे!" गजाभाऊ गरजला. गर्दी खवळली. भिकोबाचे डोळे भरून आले.

"इकडे द्या बघू," चिमाबाई म्हणाली. तिने गर्दीकडे पाठ केली, कनवटीची काजळाची डबी उघडली आणि बोट टेकवले. "ही काय तीट! यांनी घाईत बूड पाहिलंच नाही."

बकाजीने चोच जवळ नेऊन निरखले. "अस्सल. स्वयंभूच!"

नैवेद्य झाला. प्रसाद अमृतासारखा लागला. त्याचे श्रेय बकाजीला गेले, आणि पुढच्या वर्षी साऱ्या जंगलाने पडदे दुहेरी केले.

तात्पर्य: निर्मळ असणे उत्तमच, मात्र चारचौघांत जाताना काजळाची डबी विसरू नये.

ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरात वारा खेळता राहो, पंगतीत प्रत्येकाला दारातून वाट मिळो, आणि तो जगत्पालक, बकाजीसकट, सर्वांचे कल्याण करो.