कानातला गंज

इंजिनाच्या बाबतीत माझा शब्द म्हणजे शेवटचा शब्द! स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, की कुठला व्हॉल्व्ह रुसलाय ते मी डोळे मिटून सांगायचो. एकदा तर आमच्या वर्कशॉपच्या मालकांच्या गाडीचं इंजिन ऐकून मी सांगितलं होतं, पुढच्या आठवड्यात त्यांच्या सासूबाई येणार. आल्या! खोटं वाटत असेल तर सासूबाईंना विचारा.

पण अकरा वर्षांपूर्वी उजव्या कानाच्या पडद्याला भोक पडलं. तेव्हापासून कान असा गळायचा की फुटक्या रेडिएटरनंही लाजावं. शेवटी व्हायचं तेच झालं. एका बसला मी "ठणठणीत!" म्हणून पास केलं आणि ती दुसऱ्याच वळणावर बंद पडली. मालकांनी मला इंजिनांवरून उठवून पंक्चरच्या बाकड्यावर बसवलं. चाळीस वर्षं इंजिनांत मुरलेला उस्ताद, आणि बादलीत ट्यूब बुडवून बुडबुडे बघतोय!

"कान दुरुस्त करून या. इंजिनं तुमचीच," मालक म्हणाले.

कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नवा पडदा बसवते. पण त्याआधी सहा आठवडे कान कोरडा ठणठणीत हवा. एक थेंब आत जाता कामा नये. आणि या व्हिटॅमिनच्या गोळ्या पोटात घ्या. त्यांनी कान बरा होत नाही हं, झाली तर थोडी मदत."

पाच आठवडे कान वाळवंटासारखा कोरडा! बायको माझं डोकं तान्ह्या बाळासारखं जपून धुवायची आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची. पुढच्या सोमवारी ऑपरेशन. इथे गप्प बसलो असतो तर तो मी कसला?

औषधवाल्याला विचारलं, "गोळ्यांच्या पाकिटावर लिहिलंय ते अँटिऑक्सिडंट म्हणजे काय प्रकरण?"

"काका, लोखंड गंजतं ना? तसंच काहीसं शरीराच्या आतही होतं. हे ते रोखतं म्हणतात."

गंज! आधी नाही का सांगायचं! गंजाशी मी चाळीस वर्षं कुस्ती खेळलोय. अहो, चाकाचा नट गंजला म्हणून कुणी पेट्रोलच्या टाकीत तेल ओततं का? जिथे गंज, तिथे तेल!

न्हाणीघरात शिरलो. कडी लावली. व्हिटॅमिनची पिवळी, मऊ कॅप्सूल सुईनं टोचली आणि कानात पिळली. एकीनं काय होणार? तीन पिळल्या. आंबटानं गंज लवकर सुटतो, म्हणून त्याच औषधांतली व्हिटॅमिन सीची आंबट गोळी चुरून तीही तेलाबरोबर सोडली.

आणि जग फिरायला लागलं! आरसा छताला गेला, छत पायाखाली आलं. मी टॉवेलचा दांडा धरला. दांडा भिंतीतून निघून माझ्याबरोबर खाली आला.

"अहो, काय पडलं?"

"भूकंप! बाहेर पळ!"

"घर जागेवर आहे. तुम्हीच हलताय. आधी कडी काढा!"

तेवढ्यात घशात तेलकट चव आली. मी आनंदानं ओरडलो, "अगं, आरपार गेलं! लाइन मोकळी आहे!"

मी रांगत जाऊन कडी काढली. बायकोनं टोचलेल्या कॅप्सूल पाहिल्या, माझा निथळता कान पाहिला. नुसती कॅलेंडरकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टरीणबाईंनी कान साफ करता करता विचारलं, "काय ओतलंत?"

"गंजावरचं तेल."

त्यांनी ओठ घट्ट दाबले. "काका, पडद्याला भोक आहे. तेल भोकातून आत गेलं, तिथल्या नळीतून घशात आणि घशातून पोटात. एवढा खटाटोप करून औषध गेलं ते पोटातच! सरळ पाण्याबरोबर गिळलं असतंत, तर सोमवारी ऑपरेशन झालं असतं."

"आणि आता?"

"आता सहा आठवडे. पहिल्यापासून."

बायकोनं घरी येताच कॅलेंडरचं पान उलटलं.

तर सध्या मुक्काम पंक्चरच्या बाकड्यावरच. दुपारी बायको स्वतः गोळी घेऊन वर्कशॉपमध्ये येते, सगळ्यांसमोर मला "आ" करायला लावते, गोळी गिळली का ते पाहते, मग बॅटरी मारून कान तपासते. मालक म्हणतात, एवढी तपासणी आपण ब्रेकचीसुद्धा करत नाही. बाकीच्या अवयवांवर तिचा अजून तरी संशय नाही, हेच नशीब!