जावयाचं अपडेट

"काही करायचं नाही, फक्त एक बटण दाबायचं," असं चष्मेवाल्याने घरच्या ग्रुपवर लिहिलं आणि खाली हसरा चेहरा टाकला. असं लिहिणाऱ्या माणसाच्या पुढ्यात काय वाढून ठेवलेलं असतं ते तुम्हाआम्हाला ठाऊक आहे. त्याला नव्हतं. तो खुशीत दुकानाचं शटर ओढून घरी निघाला होता.

चष्मेवाला म्हणजे चौकातल्या चष्म्याच्या दुकानाचा मालक. पुढे काचेची कपाटं, मागे डोळे तपासायची अंधारी खोली, आणि त्या दोन्हींच्या मध्ये दिवसभर येरझाऱ्या घालणारा हा माणूस. त्याला एकच नाद होता. ठोकळे रचून घरं, पूल, डोंगर उभे करायचा जो कॉम्प्युटरवरचा खेळ आहे ना, त्यात तो गुंतला होता. मूळ खेळ त्याला अळणी वाटायचा. मग कुणीतरी बनवलेलं सुंदर आकाश घ्यायचं, दुसऱ्या कुणाच्या नावा घ्यायच्या, तिसऱ्याची झाडं घ्यायची, आणि या सगळ्या जोडण्यांचं एक गाठोडं बांधून घरच्यांना पाठवायचं. अशा गाठोड्याला मॉडपॅक म्हणतात. घरात त्याला 'जावयाचं गाठोडं' म्हणायचे, कारण खेळणारी सगळी मंडळी बायकोच्या माहेरची होती. सासरे खेळायचे, परगावची मेहुणी खेळायची, बायकोचे मामा टॅक्सीच्या कचेरीत गाड्या पाठवायच्या कामावर बसून साहेबाची नजर चुकवून खेळायचे. बायकोही खेळायची, पण फक्त मेंढ्या पाळायची.

सासऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. जन्मभर जमिनी मोजण्याच्या खात्यात उन्हातान्हात हिंडलेला माणूस. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. वाचा शाबूत राहिली, पण बोलणं आटलं. खिडकीशी बसून राहायचे. तेव्हा मेहुणीने बाजूला भरपूर बटणं असलेला एक माऊस मागवून दिला आणि एक अख्खी दुपार फोनवर बसून सगळा खेळ त्यांच्या डाव्या हाताखाली आणला. चालायचं बटण इथे, उडीचं तिथे, अक्षरं ही एवढाली मोठी. त्यानंतर त्यांनी समुद्रकाठच्या खडकावर दीपगृह बांधायला घेतलं. एका हाताने, एकेक ठोकळा. जेवताना त्याबद्दल बोलू लागले. सासूबाई म्हणायच्या, यांना पुन्हा नोकरी लागलीय.

त्या रविवारी संध्याकाळी दीपगृहाचा दिवा लागायचा होता. सगळ्यांनी खेळात जमायचं, सासऱ्यांनी वर जाऊन दिवा बसवायचा. एवढ्या मोठ्या प्रसंगाला जुना समुद्र कसा चालेल? चष्मेवाल्याने नवा समुद्र शोधला. लाटा फेसाळणारा, दिव्याचा झोत पाण्यावर लांबवर पडणारा. आणि घाई इतकी, की काय पाठवायचं आणि काय नाही हे निवडत न बसता स्वतःच्या कॉम्प्युटरवरचा सगळा फोल्डर उचलून त्याने गाठोडं बांधलं. त्यात नवा समुद्र होता. त्यातच एक बारकीशी फाइलही होती, जिच्यात खेळणाऱ्याच्या आवडीनिवडी लिहिलेल्या असतात. कुठलं बटण काय करतं, आवाज किती, अक्षरं केवढी. फाइल अर्थात त्याची होती. ज्याने ज्याने बटण दाबलं त्याची स्वतःची फाइल पुसली गेली आणि तिच्या जागी चष्मेवाल्याची येऊन बसली.

आता चष्मेवाल्याच्या आवडी म्हणजे काय सांगावं! तो माऊस उलटा चालवायचा. वर ढकलला की खाली बघायचं, खाली ओढला की वर. विमान असंच चालवतात म्हणे. आवाज पूर्ण. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी, म्हणजे पडद्यावर जागा मोकळी राहते. शिवाय गेल्या महिन्यात त्याला जर्मन शिकायची हुक्की आली होती, म्हणून अख्खा खेळ जर्मनमध्ये.

पहिला बळी मामांचा. त्यांनी कचेरीतच बटण दाबलं होतं. खेळ उघडला, आणि नेहमी मुकाट चरणारी गाय शांत कचेरीत अशी हंबरली की समोरच्या खुर्चीतले साहेब अर्धे उभे राहिले. मामांच्या कानाशी तेव्हा वायरलेस चालू होता. पलीकडून एका ड्रायव्हरने विचारलं, गिऱ्हाईक नेमकं कोण आहे? मामांनी आवाज कमी करायला सेटिंगची यादी उघडली, तर सगळं जर्मन. त्यांनी अंदाजाने एक बटण दाबलं. गाईच्या जोडीला पाऊस सुरू झाला. शेवटी ते टेबलाखाली शिरले आणि हाताला लागलेली पहिली वायर उपटली. ती कचेरीच्या फोनांची होती. पुढचा बराच वेळ गावातली एकही टॅक्सी हलली नाही आणि गाय हंबरतच राहिली.

हे सगळं चष्मेवाल्याला मामांनी जिन्यात उभं राहून, दबक्या आवाजात, स्वतःच्या मोबाइलवरून सांगितलं. ते जे बोलले त्यातलं निम्मं इथे लिहिता येणार नाही. तोवर बायकोच्या मेंढ्या कुंपणाबाहेर पांगल्या होत्या, कारण फाटक लावायला गेलं की ती आभाळाकडे बघत होती. चष्मेवाला तिला समजावू लागला, की उलट्या माऊसची सवय होते, पुढे पुढे तेच बरं वाटतं.

तिने माऊस खाली ठेवला. म्हणाली, "दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तू तुझाच चष्मा घालून घरी पाठवतोस का रे?"

 तेव्हा त्याला एकदम आठवलं. सासरे.

त्याने घाईघाईने खेळ उघडला. उशीर झाला होता. सकाळीच दीपगृहाच्या टोकावर चढवून ठेवलेला सासऱ्यांचा बाहुला हातात दिवा घेऊन उभा होता. दिवा बसवायची जागा एका पावलावर होती. त्यांनी वर बघायला माऊस ढकलला. बाहुल्याने मान खाली घातली. त्यांनी चालायचं बटण दाबलं. चष्मेवाल्याच्या फाइलीत ते बटण हातातली वस्तू फेकायचं होतं. इतक्या महिन्यांच्या खटपटीचा तो दिवा कठड्यावरून गेला आणि नव्या, फेसाळत्या, अतिशय सुंदर समुद्रात पडला.

बाहुला तिथेच थोडा वेळ उभा राहिला. मग दिसेनासा झाला.

सासूबाईंचा फोन आला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, की यांनी कॉम्प्युटरवर चादर टाकलीय आणि खिडकीशी जाऊन बसलेत. काय झालं विचारलं तर म्हणतात, हात बिघडला असेल, आता नको. म्हाताऱ्याला वाटत होतं की चूक त्याच्या हाताची आहे.

मेहुणीला फोन केला. भावोजी, दिवा माझ्याकडे आहे, ती म्हणाली. ती दीपगृहाखाली नावेत होती, तिथून तिने तो उचलला होता. पण जुनी फाइल? ती कुणाकडेच नव्हती. कुठलं बटण कशाला दिलं होतं हे तिला आता आठवतही नव्हतं. चष्मेवाल्याने पायात चपला सरकवल्या आणि तो तडक सासरी निघाला.

सासरे खिडकीशी होते. त्यांनी मान वळवली नाही. चष्मेवाला त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसला आणि एका दमात सगळं कबूल केलं. हात तुमचा ठीक आहे, गाढवपणा माझा आहे. मी माझी बटणं तुमच्या बोटांखाली घातली. मामांची गायही सांगितली. गाईपाशी सासऱ्यांच्या ओठाचा कोपरा हलला.

चादर निघाली. आता नव्याने सगळं बसवायचं होतं, आणि कुठून सुरुवात करावी ते त्याला कळेना. मग त्याने दुकानात दिवसभर जे करतो तेच केलं. चालण्याला एक बटण दिलं आणि विचारलं, "हे बरं, की हे?" सासरे म्हणाले, पहिलं. उडी इथे, की तिथे? अक्षरं एवढी, की आणखी मोठी? सासरे चांगल्या गिऱ्हाइकासारखे तऱ्हेवाईक निघाले. आधी बरं म्हणायचे, मग मागे जायला लावायचे. मेहुणीने तिथेच दिलं असावं अशा अंदाजाने चष्मेवाल्याने उडीचं बटण करंगळीखाली दिलं, तेव्हा त्यांनी तोंड वाकडं केलं.

"जावईबापू, तिथे नको. तिथे रोज दुखायचं."

"मग इतके महिने बोलला का नाहीत?"

"पोरीने अख्खी दुपार घालवली होती. तिला कसं सांगणार?"

चष्मेवाल्याने उडी अंगठ्याखाली आणली. सासऱ्यांनी बाहुल्याला एकदा उडवून पाहिलं, मग पुन्हा, मग उगाचच तीनचार वेळा, आणि सासूबाईंना हाक मारून दाखवलं.

दिवा लागला. मेहुणीने तो खडकावर आणून दिला, सासरे पायऱ्या चढून गेले, आणि झोत नव्या समुद्रावर लांबवर पसरला. मामाही आले होते. कचेरीतल्या साहेबांना त्यांनी काय सांगितलं याबद्दल ते बोलत नव्हते, पण नोकरी शाबूत होती. फोन बंद पडल्याचं खापर टेलिफोनवाल्यांवर फुटलं होतं. सासरे वरून सगळ्यांना लाटांची दिशा समजावत होते. सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, आता हे गप्प कधी बसणार?

चष्मेवाला मात्र धडा शिकला. त्यानंतर तो गाठोड्यात आवडीनिवडींची फाइल वेगळ्या कप्प्यात ठेवू लागला आणि खेळाला सूचना देऊ लागला, की ज्याच्याकडे स्वतःची फाइल नसेल त्यालाच ही दे; ज्याच्याकडे असेल त्याच्या फाइलीला हात लावू नकोस. बायकोच्या कॉम्प्युटरवर, मेंढ्या आधी बांधून ठेवून, त्याने सगळं तपासलं. मग नवं अपडेट ग्रुपवर टाकलं. कुणीही बटण दाबलं नाही. मामांनी लिहिलं, माझं चांगलं चाललंय. मेहुणीने नुसते हात जोडले.

आठवडाभराने दुकानात फोन वाजला. सासरे होते. आवाजात चांगलीच नाराजी होती.

"जावईबापू, तुमचं ते बटण दाबलं मी. काहीच बदललं नाही."

चष्मेवाला समोरचं गिऱ्हाईक तसंच सोडून अंधाऱ्या खोलीत गेला, दार लावून घेतलं, आणि त्यांना म्हणाला, "पुन्हा एकदा म्हणा बरं."