नमुन्याबरहुकूम घर

घर कसं असावं, याविषयी आमच्या घरात कुणाचं मत घ्यायची पद्धत नव्हती, कारण मुळात घरच नव्हतं. वर पत्रे, तीन बाजूंना कुडाच्या भिंती आणि चौथ्या बाजूला गोणपाट, एवढ्याला वस्तीतले लोक मोठ्या मनानं विमलबाईचं घर म्हणत. चूल पेटली की धूर आधी माझ्या डोळ्यांत जाई, मग सासूबाईंच्या छातीत, आणि आम्हा दोघींची विचारपूस करून झाली की सवडीनं बाहेर पडे.

माझं मागणं फार नव्हतं. चुलीसमोर एक खिडकी, आणि सासूबाईंसाठी घरातल्या घरात संडास. पार्वतीबाईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे कामातून गेले होते, आणि नाला वस्तीपासून लांब होता.

त्र्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात माझा भाऊ माणिकराव सौदीहून सुट्टीवर आला. भाचीसाठी त्यानं एक डबा आणला. डब्यात प्लास्टिकच्या विटा. एकीच्या डोक्यावर गोल टेंगळं, दुसरीच्या पोटाला भोकं. दाबलं की एकीत एक बसायची. शिवाय एक खिडकी, एक दार आणि एक माणूस. माणूस हसरा होता. ज्याला आयतं घर मिळतं तो हसणारच.

माझी गौतमी दोन-चार दिवस खेळली आणि बाहेर लंगडी खेळायला पळाली. डबा माझ्या वाटणीला आला. तव्यावर भाकरी टाकायची, ती फुगेपर्यंत एक वीट बसवायची, असा माझा गृहनिर्माणाचा कार्यक्रम सुरू झाला. मी शाळेत इंजिनियरिंग शिकले नाही. खरं तर शाळेतच फारशी गेले नाही. त्यामुळे आधी चुलीची जागा धरली, चुलीसमोर खिडकी लावली, खिडकीसमोर रस्ता धरला आणि राहिलेलं घर त्यांच्या मागं उभं केलं. संडासाच्या जागी एक पांढरी वीट ठेवली.

"घरातच?" सासूबाई म्हणाल्या. "इकडं जेवायचं अन् तिकडं..."

"मधी भिंत हाय की, अत्या."

"भिंतीला नाक न्हाई. मला हाय."

तरी पण त्या रोज येऊन आपली पांढरी वीट जागेवर आहे ना, ते बघून जायच्या.

भिंती लाल केल्या. डब्यातलं दार तेवढं मधेच कुठं तरी हरवलं. लाल विटाही संपल्या होत्या, म्हणून ती जागा तात्पुरती पिवळ्या विटांनी बुजवली. असो. वर टेंगळांचं छप्पर बसवलं. ते झाकणासारखं उचललं की आतली चूल, खिडकी सगळं दिसायचं, आणि चुलीपाशी तो हसरा माणूस उभा. आयुष्यात पहिल्यांदा चुलीपाशी पुरुष उभा केला, तोही हसत. घर माझं होतं, म्हणून जमलं.

त्याच सुमारास तालुक्याच्या एका ऑफिसनं दवंडी दिली: आधुनिक घराचा मूळ कल्पनेचा नमुना सादर करा, पहिला येईल त्याच्या नमुन्याबरहुकूम आधी त्याचं आणि मग त्याच्या सगळ्या वस्तीचं घर सरकार बांधून देईल. ऑफिसचं नाव मी सांगत नाही. तिथल्या लोकांनी मला नेहमी बसायला सांगितलं. खुर्ची नव्हती, ही गोष्ट वेगळी.

गौतमीचे बाबा, बळीराम, चिटगुप्प्याच्या बाजारात हमाली करतात. ते म्हणाले, "पोरीचं खेळणं घेऊन साहेबाम्होरं जायलीस? लोक हसतील."

"हसू द्या की. आता तरी कुठं रडायलेत?"

मी घर भाकरीच्या टोपल्यात ठेवलं, वर धडपं झाकलं आणि एसटी स्टँडावर जाऊन बसले. कंडक्टरनं विचारलं, "टोपल्यात काय हाय अक्का?" म्हटलं, "घर." त्यानं लगेज लावलं नाही. घर घेऊन फिरणारी बाई त्यानं आमच्या भागात पुष्कळदा पाहिली असावी.

प्रदर्शन शाळेच्या हॉलमध्ये होतं. नमुने तर असे की बघत राहावं. हेडमास्तरीण नलिनीबाईंनी थर्मोकोलचा बंगला आणला होता. पुढं आरशाचं तळं, तळ्यात कापसाची बदकं. कुणी पुठ्ठ्याचा तीन मजली महाल, कुणी काडेपेट्यांची कॉलनी. माझं घर टोपल्यातून निघालं तेव्हा एक जण म्हणाला, "बाई, जेवणाची सुट्टी अजून झाली न्हाई."

साहेब म्हैसूरकडचे, नवीन. ते आले, उप्पिटाची बशी हातात घेतली आणि त्याच क्षणी सकाळपासून गेलेली लाईट आली. साहेबांना उकडू नये म्हणून सगळे पंखे आधीच पूर्ण सोडून ठेवलेले. काडेपेट्यांची कॉलनी खिडकीतून स्थलांतरित झाली. महाल जमीनदोस्त झाला. नलिनीबाईंचा बंगला वर उडाला, हॉलभर एक घिरटी घेतली आणि साहेबांच्या उप्पिटात उतरला. वारा थांबला तेव्हा एकच घर जागेवर होतं.

"स्ट्राँग!" साहेब दाताखालचं थर्मोकोल काढत म्हणाले. "वेरी स्ट्राँग, अक्का!"

मी छप्पर उचलून चूल दाखवली, खिडकी दाखवली.

"आणि हा मनुष्य कोण?"

"लाभार्थी," मी तोंड उघडायच्या आत इंजिनियर बंडोपंत म्हणाले.

"हसतोय."

"समाधान, सर."

"गुड. हे समाधान कंपल्सरी करा."

मी म्हटलं, "साहेब, एक सांगायचं ऱ्हायलं. त्येचं दार—"

"अक्का," साहेब माया करून म्हणाले, "फर्स्ट प्राईज आलंय. आता कमी-जास्त बोलायचं नाही."

टाळ्या झाल्या. नलिनीबाईंनी पण वाजवल्या, एका हातात बदक होतं तरी.

बंडोपंतांनी माझं घर पांढऱ्या कापडात बांधलं, गाठीवर लाख ओतली आणि शिक्का मारला. मी म्हटलं, "अण्णा, बांधायच्या अगुदर त्या दाराचं बगा की. डब्यात होतं ते हरवलंय. सापडलं की—"

"बाई, असं काही असेल तर सील करण्यापूर्वी सांगायचं असतं."

"सील करायच्या अगुदरच सांगायले की!"

"हो, पण त्या वेळी नमुना सील झालेला नव्हता. सील न झालेल्या नमुन्याबाबत ऑफिस काही ऐकून घेऊ शकत नाही."

मला हे पटलं. शिकलेल्या माणसाचं बोलणं घरी पोचेपर्यंत पटतं.

पावसाळा सरल्यावर गुत्तेदार गुरुपादय्या मिस्त्री घेऊन वस्तीत आला. मोजमाप, रंग, कोपरे सगळं नमुन्यावरून उतरवून आणलेलं. माणूस कामाला चोख. नमुन्यात छपराला टेंगळं होती, त्यानं सिमेंटची टेंगळं केली, एकेक परातीएवढं. नमुन्यात संडासाच्या जागी पांढरी वीट होती, त्यानं तिथं चांगला भरीव पांढरा ठोकळा बांधला. बसता येई, पुढची सोय नव्हती. आणि भिंती चढत चढत छातीच्या वर गेल्या तेव्हा मी धावत गेले.

"गुरुपादअप्पा, दार?"

त्यानं कागद फिरवून बघितला. "इथं पिवळं हाय की."

"ते मी बुजवल्यालं हाय! तिथं दार पायजे!"

"अक्का, तुमी केलेलं तुमीच मोडायलाव? सरकारनं मंजूर केलंय ते." मग आवाज उतरवून म्हणाला, "पिवळा रंग बीदरहून मागवलाय. दार बसवलं तर रंगाचं काय करू?"

"मग आत जायचं कसं?"

"वरून. तुमीच साहेबाला छप्पर उचलून दाखवलं म्हणं. तसं लिवलंय: प्रवेश, वरून." आणि त्यानं स्लॅबमधलं चौकोनी भोक दाखवलं. त्याला लोखंडी झाकण होतं, नवं कोरं, कडी सुद्धा.

खिडकी मात्र झाली. अगदी चुलीसमोर, रस्त्याकडं तोंड करून. तिला गज घट्ट होते. हात जायचा, ताटली आडवी करून जायची, माणूस जायचा नाही. मी त्या खिडकीशी उभी राहिले आणि खरं सांगते, बाकी सगळं विसरले. समोरून बैल चालले होते. धूर माझ्याकडं न बघता बाहेर जात होता.

घरात शिरायच्या दिवशी मोठे साहेब उद्घाटनाला आले. फीत कुठं बांधावी हा प्रश्न निघाला. दार नसल्यानं ती घराला गोल गुंडाळली, राखी बांधावी तशी. ती कापल्यावर आम्ही सगळे शिडीनं वर गेलो, टेंगळांच्या मधे मिळेल तिथं उभं राहून त्रिशरण-पंचशील म्हटलं. मग सासूबाईंना आत घ्यायचं. त्या शिडी चढायला तयार होईनात. शेवटी बाजेला चारी बाजूंनी सोल बांधला, त्यांना वर ओढलं आणि विहिरीत मोट सोडावी तसं घरात सोडलं.

"बळ्या," मोट आतून ओरडली, "हे घर हाय का दाण्याचं बळद?"

मोठ्या साहेबांनाही आत बघायची इच्छा झाली. साहेब अंगानं भरलेले. पाय गेले, पोटापाशी थांबले. ना आत ना बाहेर. कुणाचीही हसायची छाती झाली नाही. बंडोपंतांनी प्रसंग ओळखून माईक वर दिला, आणि साहेबांनी तिथूनच भाषण केलं. अर्धा मी तुमच्या घरात आहे, असं म्हणाले, आणि ते खरं होतं. खाली चुलीवर त्यांचे बूट लोंबत होते. लोकांना वाटलं, आधुनिक घरात व्यासपीठ पण असतं. जाता जाता, म्हणजे तेल लावून काढल्यावर, साहेबांनी अख्ख्या वस्तीला अशीच घरं जाहीर केली.

आणि झाली! शेजारची शिवम्मा, जी माझ्या झाकणाला सगळ्यांत जास्त हसली होती, तिनं आपल्या झाकणावर रांगोळी काढली. टेंगळांवर मिरच्या वाळू लागल्या. पाहुणा आला की आम्ही बायका छपरातून मुंडकी काढून विचारायचो, "कोण पायजे?" एक तपासनीस पण येऊन गेला. त्यानं खिडकीतून आत बघितलं.

"नमुन्यातला लाभार्थी हसरा आहे," तो म्हणाला. "तुमच्या सासूबाई हसत नाहीत."

"त्येंला नाल्याकडं जायचंय, साहेब. सकाळधरनं. माणसं कामावर गेलीत, बाज वडायला कुनी न्हाई."

"पण हसायला काय हरकत आहे?"

त्यानंच माझं डोकं फिरलं. बाकीचं सगळं मी सोसलं असतं. त्या खिडकीपायी सोसतच होते. पण पांढऱ्या ठोकळ्यावर पाय आवळून बसलेली, बाज ओढणाऱ्यांची वाट बघणारी म्हातारी मला बघवेना. आधीच्या घरात त्या निदान गोणपाट सारून जात होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांची चंची झटकली तर सुपारीच्या चुऱ्यातून ते निघालं. दार! चुन्याची डबी खरवडायला म्हणून त्यांनीच ठेवलेलं.

"अत्या, हे कामून ठिवलाव?"

"मला वाटलं चमचा हाय. चपटा."

मी दार पदरात बांधलं आणि तालुक्याला गेले. माझा नमुना साहेबांच्या मागं काचेच्या कपाटात होता.

"साहेब, दार सापडलं."

"अरे वा." साहेबांनी दार हातात घेऊन उघडून-मिटून बघितलं. त्यांना आवडलं. "छान आहे. पण घरं झाली, अक्का. मुख्य म्हणजे एकही तक्रार आलेली नाही."

"तक्रार करायला लोक घराबाहेर निघाय नको का?"

"मग तुम्ही कशा आलात?"

"शिडीनं."

"बघा," साहेब खुर्चीत मागं रेलून म्हणाले, "म्हणजे सोय आहे."

घरी आले. बळीराम बाजारातून यायचे होते. मी त्यांची वाट बघितली नाही. शिडीनं आत उतरले ती पहार घेऊनच बाहेर आले, आणि बीदरच्या पिवळ्या रंगावर पहिला घाव घातला.

"विमलाक्का!" शिवम्मा तिच्या छपरातून ओरडली. "काय करायलीस ग? बक्षिसाचं घर हाय ते!"

"तू तुजं झाकण लाव!"

घाव घालता घालता भोक पडलं. भोकातून आधी सासूबाईंचा हात आला, मग आवाज: "आनखी जरा, आनखी जरा." गौतमी शाळेतून आली आणि दप्तर टाकून विटा ओढू लागली. भोक माणसाएवढं झालं तेव्हा पार्वतीबाई स्वतःच्या पायांनी, भिंतीला धरून, बाहेर आल्या, रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि हसल्या. नमुन्यातल्या त्या माणसापेक्षा चांगलं हसल्या. दात नव्हते, म्हणून हसू पुरं दिसलं. मग घाईनं नाल्याकडं गेल्या.

तपासनीस परत आला. लाभार्थी हसताना आढळला, परंतु घरास दार आढळले, असं त्याचं म्हणणं पडलं. त्यामुळे नमुन्याशी न जुळणारं म्हणून आमचं घर आता अपूर्ण ठरलं आहे. वस्तीतली बाकीची घरं पूर्ण आहेत. बाहेरगावचे लोक जीप करून ती पूर्ण घरं बघायला येतात, टेंगळांवर बसून फोटो काढतात, आणि पाणी प्यायला आमच्याकडं येतात, कारण आमच्याकडं आत येता येतं.

पाणी पिऊन झालं की विचारतात, "काय हो बाई, एवढी घरं उभी राहिली, आणि दार नाही हे एकाच्याही ध्यानात कसं आलं नाही? कुणी सांगितलं नाही?"

मी सांगते, सांगितलं होतं की. साहेबांना सांगितलं, ते टाळ्यांत होते. बंडोपंतांना सांगितलं, ते लाख ओतत होते. गुरुपादय्याला सांगितलं, त्याचा रंग येऊन पडला होता.

आणि तुम्हालाही सांगितलं होतं. सगळ्यांच्या आधी, पिवळ्या विटा बसवल्या तेव्हाच. मी "असो" म्हटलं, आणि तुम्ही पुढं निघून गेलात.